हेरिंगसाठी सामान

ओस्टेंडला, गोदीमागच्या गल्लीत
ओमेरचं रंगांचं दुकान. काचेवर मिठाचा थर,
समुद्र रोज येऊन हात पुसून जातो तिथे.
मी आत गेले, म्हणाले, चंदेरी द्या.
मोठी ट्यूब.

त्याने चष्मा कपाळावर चढवला.
काय काढायचंय?
हेरिंग.
एकोणचाळीस वर्षं लिलावात मासळीच्या पेट्या मोजल्या,
आता पेन्शन आहे, खिडकी आहे, आणि एक मासा
नीट बघायचा राहून गेलेला.

चंदेरी आहे, तो म्हणाला,
नाताळच्या कार्डावरच्या घंटांसाठी.
माशाला चंदेरी नसते, मादाम गोदलीव.
माशाला आजूबाजूचं असतं.

मग खणामागून खण उघडत गेला.
शिशाचा पांढरा, वजनदार, किंचित पिवळट:
हा हाताला असताना पावाला शिवायचं नाही.
टायटेनियमचा पांढरा, दांडगा,
लग्नघरातल्या मोठ्या काकासारखा,
तो बोलू लागला की बाकीचे गप्प.
हाडं जाळून केलेला काळा. पिवळी माती. कच्ची अंबर.
अल्ट्रामरीन वाटाण्याएवढा, बास.
आणि लाल, सगळ्यात महाग, फक्त कल्ल्यापुरता.
कल्ला खोटा पडला तर मासा शिळा दिसतो.

हे मला माहीत होतं.
कल्ला उचलूनच मी भाव बोलायचे.
त्या दुकानात तेवढं एकच मला माहीत होतं.

ब्रश त्याने माझ्या तळहातावर घासून दाखवले.
डुकराच्या केसांचे, म्हाताऱ्याच्या भुवईसारखे राठ.
सेबलचा एक होता, इतका मऊ
की मी श्वास धरला; किंमत ऐकून सोडला.
खवल्यांना बारीक लागेल ना?
खवले मोजणारा मासा विकतो, म्हणाला, काढत नाही.
मी म्हणाले, मी पेट्या मोजायचे.
तो हसला नाही. आठ नंबरचा चपटा ब्रश पुढे केला,
कडा गोलावलेला.
ब्रश मोठा घ्या आणि डोळे बारीक करा.

कॅनव्हास सुती स्वस्त पडला असता.
पण लिननवर त्याने टिचकी मारली
आणि ते बोललं.
हे जवसाच्या खोडाचं कापड. ही बाटली जवसाच्या बियांची.

माझी आई लहानपणी लेये नदीकाठी
कुजायला घातलेल्या जवसाच्या पेंढ्या ओढायची;
घरात कुणी तिच्या शेजारी झोपत नसे.
भिजवा, सडवा, झोडा, विणा,
मग त्याच्यावर त्याचंच तेल ओता,
आणि एवढं सगळं कशाला, तर
दोन युरोच्या माशाला.

आधी पातळ, मग तेलकट, ओमेर बजावत होता,
उलटं केलंत तर भेगा जातील.
कधी जातील?
तुम्ही नसाल तेव्हा.

एकशे अठरा युरो चाळीस.
त्यात तीन पेट्या आल्या असत्या, बर्फासकट.

पहिल्या दिवशी पाठीवर हिरवं होतं,
मी ते घोटेपर्यंत निळं झालं.
दुसऱ्या दिवशी निळंही उतरलं.
बशीतला मासा विटत चालला
आणि मी त्याच्या मागे, चिंधी हातात,
पुसत, परत लावत.

तिसऱ्या दिवशी वास सुटला, खिडकी उघडली,
उजेड आडवा आत आला, तेव्हा दिसलं:
पोटावर खिडकी होती. तिच्या बाजूला पडद्याचा पिवळा,
आणि खाली, नखाएवढा,
माझा लाल स्वेटर.

कल्ल्यासाठी राखलेला लाल मी तिथे लावला.
थोडा जास्तच लागला. राहू दिला.

हात धुताना सवयीने लिंबू घेतलं.
माशाचा वास गेला. टर्पेंटाइनचा
लिंबाला ऐकत नाही.

शनिवारी दुकान एकपर्यंत उघडं असतं.
पांढरा संपलाय.